ट्रायलच्या बातम्या आणि आपलं घर: वाट पाहायची कशी

ज्यांच्या घरात टाइप वन डायबिटीस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या मुलीला सातव्या वर्षी निदान झालं, आता ती सोळाची आहे. निदान झालं तेव्हा धीर द्यायचा म्हणून एक डॉक्टर म्हणाले होते, "पाच-सात वर्षांत यावर इलाज निघेल." ती वर्षं उलटून गेली. मधल्या काळात संशोधन खूप पुढे गेलं हे खरं, आणि तिला आजही जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदवायच्या म्हणजे काय करायचं, हे जे मला जमलं ते खाली आहे. टाइप टूचं गणित वेगळं आहे, ते इथे नाही.

आधी ठरवा, वाट कशाची पाहतोय

संशोधक वेगवेगळ्या वाटांनी चालले आहेत आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी मिळणारं आयुष्य वेगळं आहे. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते. त्या पेशींना बीटा पेशी म्हणतात. पहिली वाट म्हणजे नव्या बीटा पेशी शरीरात घालणं. त्या मृत दात्याच्या स्वादुपिंडातून काढलेल्या असतात किंवा स्टेम सेलपासून, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून, प्रयोगशाळेत तयार केलेल्या. इन्सुलिन सुटू शकतं, पण शरीराने त्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहावं लागतं. दुसरी वाट अशी की पेशींमध्येच जनुकीय बदल करायचे, म्हणजे प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटणारच नाहीत. तिसरी, आजार पूर्ण उघडा पडायच्या आधीच प्रतिकारशक्तीचा हल्ला थोपवून धरणं. आणि चौथी यंत्राची: सेन्सरने साखर मोजायची आणि त्यानुसार पंपाने आपणहून इन्सुलिन कमी-जास्त करायचं. ही चौथी वाट बरं करत नाही, पण आजार आधीच झालेल्या आमच्यासारख्या बहुतेक घरांच्या हाताशी आज तेवढीच आहे.

हे सगळं कागदावर लिहा आणि ज्याला आजार आहे त्याला विचारा की यातलं तुला काय चालेल. आपण आईवडील गृहीत धरतो की इन्सुलिन सुटणं म्हणजे सुटका. मी लेकीला विचारलं तेव्हा तिने सगळं नीट वाचलं आणि म्हणाली, "आई, सुई बंद होणार पण साध्या सर्दीलाही घाबरायचं, असं असेल तर मला आत्ता नको. मशीन चालेल." मला मात्र ते चाललं असतं. म्हणजे आम्ही दोघी वाट पाहत होतो, पण एकाच गोष्टीची नाही. हे कळल्यावर आमच्यातले निम्मे वाद मिटले, कारण "तुला बरं व्हायचंच नाहीये का" हे वाक्य माझ्या तोंडून जायचं बंद झालं.

बातमी कशी वाचायची

घरच्यांच्या ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकतं: "मधुमेह कायमचा बरा!" छातीत धडधड होते. ती होऊ द्या, आणि मग बातमीला चार प्रश्न विचारा. उंदीर की माणूस? किती माणसं? किती काळ? आणि इन्सुलिन सुटलं तर त्याच्या बदल्यात काय घ्यावं लागलं?

पहिल्या प्रश्नातच बऱ्याच बातम्या गळतात. आपोआप टाइप वन होणाऱ्या उंदरांची एक जात जपानमध्ये तयार झाली, तिला एनओडी उंदीर म्हणतात. १९८० मध्ये त्यांच्याविषयी पहिल्यांदा छापून आलं. त्या उंदरांमध्ये आजार थांबवणारे किंवा लांबवणारे उपाय शंभराहून जास्त सापडले आहेत. माणसात तसेच लागू पडलेले उपाय अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उंदरांवरचं काम फुकट जातं असं नाही, पण त्या बातमीवर आपली रात्र घालवायची गरज नाही.

बाकीचे तीन प्रश्न कसे लावायचे ते एका खऱ्या बातमीवर दाखवते. जून २०२५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या झिमिसलेसेल या उपचाराचे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडल्या होत्या. पूर्ण डोस मिळालेले १२ जण, वर्षभराने त्यातल्या १० जणांना बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं. हे वाचून मी रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग पुढचे प्रश्न. माणसं बारा. काळ एक वर्ष. बदल्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. निवडलेले सगळे असे की ज्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जायची आणि त्यांना ते समजायचंही नाही. अभ्यासाच्या काळात दोन मृत्यू झाले, त्यातला एक मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गाने. प्रतिकारशक्ती दाबल्यावर ज्याची भीती असते, नेमकं तेच. आता हीच बातमी पुन्हा वाचा. ती लहान होत नाही. आपल्या मुलीच्या वयाला, तिच्या तब्येतीला ती आज लागू आहे का, एवढंच स्पष्ट होतं.

"किती काळ" या प्रश्नाचा मी सगळ्यात जास्त आग्रह धरते, त्याला कारण आहे. २००० साली कॅनडात एडमंटन इथे जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी सात जणांना दात्यांच्या पेशी दिल्या आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. जगभर आनंद झाला. पुढे जास्त लोकांवर उपचार झाले आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा इन्सुलिनशिवाय राहणारे जेमतेम दहा टक्के उरले होते. बातमी इथे संपवली तर निराशाच. पण त्याच पाहणीत बहुतेकांच्या शरीरात पेशी थोडंफार काम करतच होत्या आणि साखर अचानक कोसळण्याचा त्रास कमी झाला होता. ज्याला रात्री झोपताना सकाळी उठू की नाही याची धास्ती असते, त्याच्यासाठी हे फार मोठं आहे.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या रुग्णालयात एका माणसाच्या कोपराखालच्या हाताच्या स्नायूत जनुकीय बदल केलेल्या पेशी घातल्या गेल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देता. पेशी टिकल्या आणि इन्सुलिन बनवू लागल्या. माझ्या लेखी ही अलीकडची सगळ्यात आशादायक गोष्ट. पण माणूस एक, डोस मुद्दाम लहान, आणि त्याला बाहेरचं इन्सुलिन चालूच ठेवावं लागलं. चीनमधल्या तिआनजिनच्या तरुणीची बातमी २०२४ मध्ये गाजली. तिचं इन्सुलिन सुटलं, पण यकृताच्या प्रत्यारोपणामुळे ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आधीपासूनच घेत होती. फॉरवर्डमध्ये ही ओळ नसते.

इतका वेळ का लागतो

राग येतो तो बहुतेकदा इथेच. ट्रायल म्हणजे माणसांवरची चाचणी, आणि ती टप्प्यांनी होते. पहिला टप्पा थोड्या माणसांवर, औषध घातक नाही ना हे पाहायला. दुसरा, डोस किती आणि गुण येतो का हे पाहायला. तिसरा, जास्त लोकांवर, तुलना करून. बीटा पेशी टिकल्या का हे महिन्याभरात कळत नाही, त्यासाठी वर्ष जावंच लागतं. पेशंट लवकर मिळाले म्हणून ते वर्ष सहा महिन्यांत संपत नाही.

टेप्लिझुमॅब या तिसऱ्या वाटेवरच्या औषधाचा प्रवास पाहा. नव्याने निदान झालेल्यांवरची त्याची मोठी ट्रायल २०१० मध्ये अपयशी ठरली. काही संशोधकांनी ते सोडलं नाही. आजार उघड व्हायच्या आधीच्या लोकांना चौदा दिवस ते शिरेतून दिलं, तेव्हा २०१९ मध्ये दिसलं की आजार सुमारे दोन वर्षं पुढे ढकलला जातो. २०२१ मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने मंजुरी दिली नाही, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिली. दोनच वर्षं? असं कोणी म्हटलं की मी सांगते, आमच्या घरी सातव्या वर्षाऐवजी नवव्या वर्षी हे आलं असतं तर माझ्या मुलीला पहिली-दुसरीत शाळेच्या डब्यातले कार्ब मोजावे लागले नसते.

"कंपन्यांना आजार बरा करायचाच नाही, इन्सुलिन विकायचंय" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, रागाच्या भरात उच्चारलंही असेल. इन्सुलिनच्या किमतीवरचा राग रास्त आहे, तो ठेवा. पण इलाज कोणी दडवून ठेवलाय या समजुतीने माणूस आतून कडू होतो आणि हाती काही लागत नाही. झिमिसलेसेलवाली कंपनी इन्सुलिन विकत नाही. टेप्लिझुमॅब आणणारी कंपनी २०२३ मध्ये ज्या सनोफीने विकत घेतली, ती स्वतः इन्सुलिन बनवते. अडथळा आहे तो प्रतिकारशक्तीचा. जो हल्ला मूळच्या पेशी संपवतो तोच नव्यांवरही होतो.

महिन्यातून एक संध्याकाळ

ट्रायलच्या बातम्या वाचायला एक ठरलेली वेळ ठेवा. आमच्याकडे महिन्यातली एक संध्याकाळ आहे. त्या दिवशी मी वही घेऊन बसते, एरवी कोणी काही पाठवलं तर बाजूला साठवते. रात्री तीन वाजता सेन्सरचा अलार्म झाल्यावर, मुलीला रस पाजून, साखर वर येईपर्यंत अंधारात मोबाइल चाळत बसणं ही सगळ्यात वाईट वेळ. त्या वेळी प्रत्येक मथळा तारणहार वाटतो नाहीतर फसवणूक. त्या पंधरा मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लेकीजवळ बसा.

त्या संध्याकाळी बातम्यांपेक्षा ट्रायल्सची ऑनलाइन नोंदवही उघडा. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर प्रत्येक ट्रायलला एनसीटीने सुरू होणारा क्रमांक असतो. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी नावाचं शोधपान आहे, त्यात वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्या एकत्र सापडतात. वहीत क्रमांक, कुठला टप्पा, भरती चालू आहे की बंद, वयाची अट, निदानाला किती काळ झालेला चालतो, आणि निष्कर्ष साधारण कधी अपेक्षित, एवढं लिहायचं. निष्कर्षाची तारीख २०२८ असेल तर २०२८ लिहा. मग मधल्या काळात रोज जाऊन डोकावण्यात अर्थ नाही हे मनाला आपोआप पटतं.

पात्रतेच्या अटी आशा लावण्याआधी वाचा. प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या अनेक ट्रायल्सना निदान होऊन थोडेच दिवस झालेले पेशंट लागतात, शंभर दिवसांची अट बऱ्याच ठिकाणी दिसते, कारण तेव्हा शरीरात थोड्या बीटा पेशी शिल्लक असतात. ते मोजायला सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी करतात. म्हणून घरात नुकतंच निदान झालं असेल तर मात्र महिन्यातल्या त्या संध्याकाळची वाट पाहू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. पेशी घालण्याच्या ट्रायल्सची अट बरोबर उलटी: जुना आजार आणि साखर जीवघेणी खाली गेल्याचे प्रसंग. माझी मुलगी दोन्हींत बसत नाही. निदान जुनं, आणि साखर बऱ्यापैकी ताब्यात. चांगलं सांभाळलं म्हणून दार बंद, याचं मला वाईट वाटायचं. तसं तुम्हाला वाटलं तर ते मनात ठेवू नका, डॉक्टरांसमोर बोला. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "ती अपात्र आहे कारण आज तिला त्या धोक्याची गरज नाही." ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आणखी एक. प्रयोगातल्या उपचाराचे पैसे मागणारा, नोंदणी क्रमांक न देणारा, किंवा "इन्सुलिन बंद करा, मग आमचं सुरू करू" म्हणणारा कोणीही असो, तिथून उठून यायचं. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद झालं की शरीरात आम्ल साठतं आणि थोड्याच वेळात जिवावर बेतू शकतं. यात चर्चेला जागा नाही.

मधल्या काळातलं शरीर

१९१९ साली एलिझाबेथ ह्यूज नावाच्या अमेरिकन मुलीला हा आजार झाला. इन्सुलिन तेव्हा नव्हतंच. डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांच्या उपासमारीच्या आहारावर तिला जगवलं जात होतं. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिला टोरोंटोला, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉ. बँटिंग यांच्याकडे नेलं तेव्हा तिचं वजन वीस किलोच्या आसपास होतं, वय पंधराला टेकलेलं. इन्सुलिन मिळालं, आणि ती १९८१ पर्यंत जगली. मला या गोष्टीतली ती तीन वर्षं महत्त्वाची वाटतात. इलाज कधी येईल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तो आला तेव्हा ती तिथे होती.

आपल्याकडे उपासमारीपेक्षा कितीतरी चांगली साधनं आहेत. १९८३ ते १९९३ या काळात डीसीसीटी नावाचा अभ्यास झाला, १,४४१ जण त्यात होते. साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मज्जातंतूंचा ६० टक्क्यांनी आणि मूत्रपिंडाचा ५० टक्क्यांनी कमी झाला. त्यात कोणी बरं झालं नाही. पण आज जी माणसं पुढच्या उपचारासाठी धडधाकट उभी आहेत, ती त्या दहा वर्षांच्या चिकाटीमुळे. डोळ्यांची आणि लघवीची वार्षिक तपासणी चुकवू नका, एचबीएवनसीचे, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचे, जुने रिपोर्ट एका फाइलीत लावा, आणि साखर जोरात खाली गेल्याचा प्रत्येक प्रसंग तारखेसह लिहा. ट्रायलवाले हेच मागतात आणि ट्रायल नसली तरी डॉक्टरांना हेच लागतं.

चिडचिड होते तेव्हा

डायबिटीसचा वैताग ही डॉक्टरांना ठाऊक असलेली, मोजता येणारी गोष्ट आहे. ती नैराश्याहून वेगळी आहे, जरी दोन्ही एकत्र असू शकतात. त्यासाठी पेड नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. शंभरपैकी चाळीस किंवा जास्त गुण आले तर त्रास गंभीर समजतात. पुढच्या भेटीत ती मागा. आकडा हातात आला की "मी फार कुरकुर करतेय का" हा प्रश्न उरत नाही.

घरात माझे काही नियम आहेत. मुलगी म्हणाली "मला कंटाळा आलाय", तर तिला ट्रायलची बातमी सांगायची नाही. त्या क्षणी तिला २०२८ नको असतं, आजचा एक डोस दुसऱ्या कोणीतरी मोजायला हवा असतो. मी म्हणते, "आजचं रात्रीचं मी बघते, तू आकडा विचारायचाही नाहीस." ती हो म्हणते आणि खोलीत जाऊन गाणी ऐकते. बातम्या ऐकायच्या की नाही हे तिने ठरवायचं. गेले काही महिने तिने नको म्हटलंय, तर त्या माझ्या वहीतच राहतात.

नातेवाइकांसाठी एक ठरलेलं उत्तर तयार ठेवा. माझ्या दिरांना मी लिहिते, "भावोजी, वाचलं, तुम्ही तिची आठवण ठेवता याचं बरं वाटतं. ही उंदरांवरची आहे, माणसांवरची आली की मीच कळवेन." त्यात त्यांचा मान राहतो आणि माझा तासभर वाचतो.

एखादी ट्रायल बंद पडते तेव्हा मात्र वेगळं वाटतं. पेशी एका पिशवीसारख्या कवचात ठेवून औषधांशिवाय काम भागवायचा व्हर्टेक्सचा दुसरा प्रयोग मार्च २०२५ मध्ये थांबवला गेला, कारण त्यातून पुरेसं इन्सुलिन तयार होत नव्हतं. माझी सगळी भिस्त त्यावर होती. अशा दिवशी लगेच दुसरी ट्रायल शोधायला बसू नका. ज्याला हे कळतं अशा माणसाला फोन करा, दुःख करा, स्वयंपाक दुसऱ्याला करू द्या. वहीत त्या ट्रायलसमोर ती का थांबली ते एका ओळीत लिहा. कवचातल्या पेशींचं काय झालं हे पुढच्या लोकांना त्यातूनच कळणार आहे.

मुलाने मुद्दाम इन्सुलिन चुकवलं, किंवा "असं जगून काय उपयोग" असं काही बोललं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बोलावणं आलं तर

कधीतरी ट्रायलच्या समन्वयकाचा फोन येऊ शकतो. आनंदात हो म्हणून टाकू नका, कागद मागवा, दोन दिवस घ्या. संमतीपत्र घरी आणून वाचायचा तुम्हाला अधिकार आहे आणि मधेच बाहेर पडायचाही. विचारा: यात तुलना-गट आहे का, म्हणजे मला खरं औषध न मिळण्याची शक्यता किती? फेऱ्या किती, शाळा-नोकरी किती बुडणार, प्रवासखर्च कोण देणार? यात भाग घेतला तर पुढच्या दुसऱ्या ट्रायलचं दार बंद होईल का? रात्री दोनला त्रास झाला तर कोण फोन उचलेल? ट्रायल संपली आणि औषध लागू पडलं असेल तर ते पुढे मिळत राहील का?

ही यादी मी लेकीला दाखवली. तिने खाली पेन्सिलने एक प्रश्न जोडला, आणि मला वाटतं तो सगळ्यात वर जायला हवा: "नाही जमलं, आणि मला परत पंपावर यावं लागलं, तर पहिले काही दिवस माझ्याबरोबर कोण असेल?"